मोटारीची खांदमळणी

आवडानं इंद्रभानला पहिल्यांदा पाहिलं ते पायांकडून.

प्रेमकथेत साधारणपणे नजरेला नजर भिडते. इथे तशी सोय नव्हती. इंद्रभानचे डोळे, आणि गुडघ्यांच्या वरचा बाकी सगळा इंद्रभान, दौलतराव पाटलांच्या मोटारीखाली होता. बाहेर होते ते दोन पाय. लांबोडके, काळे, टाचांच्या भेगांत तेल मुरलेले.

सन अडतीसचा मार्गशीर्ष होता. शेलूबाजारच्या सडकेवरून मोटारी जाताना लोकांनी पाहिल्या होत्या, पण गावात मुक्कामाला राहणारी मोटार ही पहिलीच. पाटलांनी ती अकोल्याहून आणली, सोबत इंद्रभानलाही आणलं, आणि दोघांची सोय गोठ्यात केली. त्यासाठी घरची उत्तम बैलजोडी गोठ्यातून निघून बाहेर निंबाखाली आली. बैल दिवसभर रवंथ करत मोटारीकडे बघत. मोटार आपले दोन दिवे वटारून बैलांकडे बघे. पहिले काही दिवस गावाला हेच बघण्यात दिवस पुरत नसे.

आवडा पाटलांकडे भाजी द्यायला आली होती. डोक्यावर टोपलं, त्यात वांगी, मेथी, कोथिंबीर.

"पाना दे," पाय म्हणाले.

आवडा थांबली. मोटारीखालून एक हात बाहेर आला. कोपरापर्यंत काळा, चकचकीत, तळवा उघडा. पाना म्हणजे काय ते तिला ठाऊक नव्हतं. पण पुढे आलेला हात रिकामा पाठवायचा नाही, असं घरचं वळण होतं. तिनं त्या तळव्यावर एक वांगं ठेवलं.

हात आत गेला.

"हे काय हाय?"

"वांगं."

"याच्यानं बूच नाई निंगत."

"मंग भरीत करा."

पाय थोडे हलले. हसले असावेत.

"कोन हाय?"

"मी आवडा. रंगराव माळ्याची पोरगी. अन् तुमी?"

"इंद्रभान. डायव्हर."

"पायच दिसून राह्यले."

"बाकीचा हाय अठी. मंग दाखवतो. तुह्या पायापाशी लोखंडाचं हाय, दोन्हीकून तोंड वासलेलं, ते दे."

तिनं दिलं. आत काहीतरी कुरकुरलं, मग सुटलं, आणि खाली ठेवलेल्या घमेल्यात एक धार पडू लागली. काळी. आवाज न करता पडणारी. पाण्याच्या धारेला घाई असते, हिला नव्हती. उशिरापर्यंत निजलेल्या बाईनं वेणी सोडावी तशी ती सावकाश सुटत राहिली. आवडा टोपल्यासकट खाली बसली.

"मेली काय हे?"

"नाई वं. रगत बदलून राह्यलो."

"मान्साचं नाई बदलत अशानं."

"म्हून तं मान्सं बिघडतात."

धार बारीक झाली, थेंबांवर आली, आणि मोटारीखालून इंद्रभान एकेका वितीनं बाहेर निघाला. आवडाला तोपर्यंत पाय पसंत पडले होते. आता चेहऱ्याचा प्रश्न होता. चेहरा निघाला. कपाळापासून हनुवटीपर्यंत तेलाचा एक पट्टा, आणि मध्ये दात. वय तेविसाच्या पुढेमागे. तिनं पदर सावरला. म्हणजे चेहऱ्याचाही निकाल लागला.

त्यानं गाळणी दाखवली. पितळेच्या तारेची बारीक जाळी, ढोलकीच्या आकाराची, चहाच्या गाळणीची थोरली बहीण. आत काळा गाळ बसला होता.

"इंजिन गरम असतानाच तेल सोडाचं," तो म्हणाला. "थंड झालं का घाण आतच बसते. मान्सासारखं. तापला हाय तवरच बोलते, मंग मनात धरून ठेवते."

गाळणी त्यानं घासलेटात बुडवली, कुंचल्यानं घासली, फुंकली, आणि उन्हात धरली. जाळीच्या प्रत्येक भोकात एकेक सूर्य उगवला. हजार असतील, दोन हजार असतील. इंद्रभाननं ही गोष्ट शंभरदा केली असेल, पण तोही बघत राहिला.

मग त्यानं गाळणी जागेवर बसवली, खालचं बूच घट्ट केलं, वरचं झाकण उघडलं आणि डबा वाकडा केला. नवं तेल. ते बाहेर आलं आणि गोठ्याच्या कौलातून पडणाऱ्या कवडशातून खाली गेलं. मधाच्या रंगाची, सरळ, अखंड तार. मोटारीच्या तोंडात ती जात होती आणि संपत नव्हती. निंबाखालचे बैलसुद्धा रवंथ करायचे थांबले. ते माशीमुळे थांबले असतील, पण त्या घडीला तसं वाटलं नाही.

"सोनं हाय," आवडा हळूच म्हणाली.

"हाव," इंद्रभान म्हणाला. तो त्या वेळी तेलाकडे बघत नव्हता.

"आता पुन्हा कधी?"

"हजार मैलानं."

"म्हंजे किती दिवसानं?"

"पाटील जसे फिरतील तसं."

ती उठली. जाताना तिनं घमेल्यातलं काळं तेल मागितलं, बापाच्या मोटेच्या चाकाला वंगण म्हणून. त्यानं दिलं. पहिल्या भेटीत एका माणसानं दुसऱ्याला वांगं दिलं आणि दुसऱ्यानं जळकं तेल. फुलांची देवाणघेवाण करणाऱ्यांनी नाक मुरडू नये. ही दोन्ही कामास आली.

*

रंगरावांच्या विहिरीवरचं चाक हे त्या भागातलं मोठं प्रस्थ होतं. मोट वर येताना ते असं किंचाळायचं की सडकेवरचे वाटसरू वळून बघत. रंगराव बाजारात भाजी विकायला बसत, पण त्यांचा कान मळ्यात असे. चाक ओरडतंय म्हणजे आवडा मोट हाकतेय. चाक गप्प म्हणजे पोरगी सावलीला बसली. अशी राखण ना पगार मागते, ना झोपते.

काळ्या तेलानं ते चाक एका दिवसात मुकं झालं.

पहिल्या दिवशी रंगराव बाजारातून धावत मळ्यात आले. मोट चालू होती, पाटात पाणी झुळझुळत होतं, आणि चाक बाईमाणसासारखं निमूट फिरत होतं.

"वंगण घातलं, बाबा," आवडा म्हणाली.

रंगराव खूश झाले. आपण कशाला खूश होतोय, हे त्यांना बऱ्याच उशिरा कळलं. मुकं चाक फिरतंही मुकं आणि थांबतंही मुकं.

दुसरी भेट फाल्गुनात झाली. तेव्हा हजार मैल खरोखर झाले होते. तिसरी चैत्राच्या सुरुवातीला झाली, तेव्हा सहाशे झाले होते. चौथ्या वेळी पाटील स्वतः गोठ्यात आले.

"आत्ताच तं बदललं ना बे?"

"धूळ लय हाय मालक. गाळणी भरते."

"पुस्तकात हजार लिवलं हाय."

"पुस्तक इलायतचं हाय मालक. तठी आपल्यासारखी धूळ नाई."

विलायतेकडे नाही असं काहीतरी आपल्याकडे आहे, हे ऐकून पाटलांना बरं वाटलं. ते छाती काढून गेले. मोटारीमागून आवडा निघाली.

"तुमचं हजार मैल लय लवकर होतात."

"मोटार उभी असते तवाबी मी मोजून राह्यलो असतो."

"काय मोजता?"

"तुह्या मळ्यापासून गोठ्यापर्यंत येते किती अन् जाते किती... ते."

आवडानं चिंधी घेतली आणि तेल मोजायची सळई पुसू लागली. एव्हाना तिला सगळं येत होतं. सळई पुसून पुन्हा बुडवायची, मगच खरं कळतं. बुचाखालची तांब्याची चकती हरवू द्यायची नाही, म्हणून ती आपल्या पदराच्या गाठीत ठेवायची. गाळणी बसवण्याआधी तिच्या कडेला नव्या तेलाचं बोट फिरवायचं. एकदा इंद्रभाननं तिला बूच आवळायला दिलं. दोघं मोटारीखाली, मध्ये वीतभर अंतर, आणि वर तीस मण लोखंड.

"किती आवळू?"

"लय आवळलं का आटे जातात. ढिलं ठेवलं का गळते. हात म्हनते तेवढं."

तिनं आवळलं. थांबली.

"हात म्हनते, पुरे."

"अन्... आनखी काय म्हनते हात?"

"आनखी काई म्हनाले लागला तं काढून घेईन त्याले," आवडा म्हणाली. पण हात तिनं पान्यावरून काढला नाही, आणि त्याच पान्यावर त्याचाही होता.

*

मग पावसाळा आला आणि काळ्या मातीनं गाव धरून ठेवलं. मोटार सडकेपर्यंतसुद्धा जाईना. मैल होईनात. मैल नाहीत तर तेल नाही. आणि एकाच जागी उभ्या मोटारीचं तेल बदलायचं आहे, हे पाटलांना पटवील असं कारण इंद्रभानला विलायतेच्या पुस्तकातही सापडलं नाही.

श्रावणात आवडा गोठ्याच्या कुडापाशी उभी राहून म्हणाली, "शिरपूरचं स्थळ आलं."

"कसं हाय?"

"सोळा एकर, दोन विहिरी अन् एकुलता एक पोरगा. विहिरीबद्दल लय सांगतात. पोराबद्दल कोनी काई सांगत नाई."

"कधी ठरन?"

"पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बाबा सुपारी घेऊन जातात."

इंद्रभान पुढच्याच बाजाराच्या दिवशी रंगरावांच्या दुकानापुढे जाऊन बसला. जात एकच होती, त्यामुळे ती अडचण नव्हती. त्यानं पाव शेर वांगी घेतली, मग अजून पाव शेर घेतली, आणि अखेर वांग्यांचा उपाय खुंटला तेव्हा बोलला.

रंगराव रागावले नाहीत. राग आला असता तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे विचारलं, "माळी हायस. मळा कुठी हाय?"

"नाई."

"मोटार कोनाची?"

"पाटलाची."

"मंग आयक. भाड्यानं बैल नेनारा मानूस पाह्यला काय तू? म्या पाह्यला. दिवसभर राबवते, पानी पाजत नाई, वळ उठवून संध्याकाळी आनून बांधते. काहून? जनावर त्याचं नसते. दुसऱ्याची वस्तू हाकनाऱ्याच्या हातात दया राहात नाई, बापा. माही पोरगी म्या अशा हातात कशी देऊ?"

इंद्रभान अर्धा शेर वांगी घेऊन परत आला.

आता एकच वाट उरली. पाटलांचा शब्द रंगराव खाली पडू देणार नव्हते; आणि पाटलांच्या डोक्यात त्या दिवसांत एकच गोष्ट होती. गावच्या पोळ्यात तोरणाखालून पहिली निघायची ती पाटलांची मानाची जोडी. यंदा पाटलांनी जाहीर केलं की मानाला मोटार जाईल. सारं गाव चार दिवस यावरच बोलत होतं.

"इंद्रभान," पाटील म्हणाले, "अख्खा परगना पाहाले येईन. तोरन नीट पार कर. मंग काय मागाचं ते माग."

इंद्रभाननं ते आवडाला सांगितलं. काय मागायचं ते सांगायची गरज पडली नाही.

*

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदमळणी असते. वर्षभर जू ओढलेल्या बैलाचे खांदे गरम पाण्यानं शेकायचे, हळद कालवलेलं तूप चोळायचं, आणि कानाशी वाकून दुसऱ्या दिवशीचं जेवणाचं आमंत्रण द्यायचं. आपल्याकडे ज्यांना न बोलावता राबवतात, त्यांना बोलावण्याची ही वर्षातली एक वेळ.

आवडानं घरच्या जोडीची खांदमळणी केली. वाटीत तूप उरलं. तिच्या मनात आलं, उद्या सगळा भार जिच्यावर आहे, तिला कोणी विचारलं?

इंद्रभान मंगरूळला बेगड आणायला गेला होता. गोठ्यात मोटार एकटीच उभी होती. आवडानं वाटीत अजून तूप घातलं, मळ्यातल्या हळदीच्या दोन मुठी घातल्या, चुलीवर कोमट केलं आणि पदराखाली झाकून आणलं.

मोटारीचा खांदा कुठे असतो, यावर तिनं बराच विचार केला. तिला सापडला नाही. पण तोंड कुठे असतं ते तिला माहीत होतं. वरचं झाकण तिनं फिरवून काढलं. वाटी वाकडी केली. हळदीचं तूप मावळत्या उन्हातून आत गेलं. तेच रूप, तोच रंग, तीच अखंड तार. हे चुकीचं असेल अशी शंका यायला जागाच नव्हती. सोन्यासारखं काहीतरी या तोंडात घातलं की ही चालते, हे तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

मग तिनं मोटारीच्या पत्र्याला कपाळ टेकलं. कान कुठे ते माहीत नव्हतं म्हणून दिव्यापाशी बोलली.

"आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. अन् उद्या त्याची लाज राखजा."

इथे हसू येणाऱ्यानं एवढंच सांगावं की आपण कोणत्या यंत्रासाठी इतकं केलं आहे.

*

दुसऱ्या दिवशी पाऊस उघडला होता. वेशीपाशी आंब्याच्या पानांचं तोरण, मागे शंभरेक जोड्या, झुली, घागरमाळा, डफडी. सगळ्यात पुढे मोटार. तिला झेंडूचे हार होते, बेगड होती, आणि बैलांच्या शिंगांना घालायच्या पितळी शेंब्या कोणीतरी तिच्या दोन्ही दिव्यांवर दोरीनं बांधल्या होत्या. मागच्या बैठकीवर पाटील फेटा बांधून बसले होते. शेजारी कस्तुराबाई पाटलीण आरतीचं ताट घेऊन. मोटारीच्या लगेच मागे रंगराव आपली जोडी धरून उभे, आणि बायकांच्या घोळक्यात आवडा.

डफडी घुमली. मोटार निघाली. आणि तिच्या आवाजापुढे डफडीही फिकी पडली. म्हाताऱ्या माणसांनी हात जोडले. कशाला जोडले ते त्यांनाही सांगता आलं नसतं, पण जोडले.

तोरण पन्नास पावलांवर होतं, तेव्हा इंद्रभानचं लक्ष समोरच्या काट्यावर गेलं. इंजिनात तेल पोचतंय की नाही ते दाखवणारा काटा. तो खाली येत होता. चाळीस पावलांवर तो पडला आणि उठेना.

इंद्रभाननं ब्रेक दाबला.

"हाक," पाटील म्हणाले.

"काटा पडला मालक."

"पडू दे. मंग उचल. हाक."

चाळीस पावलं. मोटार गेली असती. इंद्रभानला पक्कं माहीत होतं, चाळीस काय, शंभरही गेली असती. आतून जळत गेली असती, पण तोरण पार झालं असतं, आणि मग काय मागायचं ते मागता आलं असतं. त्यानं एकदा बायकांच्या घोळक्याकडे पाहिलं. आवडाचे हात जोडलेले होते.

त्यानं इंजिन बंद केलं.

डफडी एकेक करून थांबली. इंद्रभान खाली उतरला, पाना घेतला, आणि साऱ्या परगण्यासमोर मोटारीखाली शिरला. बाहेर राहिले ते पाय. थोड्या वेळानं हात आला, त्यात गाळणी होती. जाळी दिसत नव्हती. तिच्यावर पिवळा जाड लेप बसला होता, आणि पुरणपोळीच्या दिवशी स्वयंपाकघरात येतो तसा वास सुटला.

पाटील गाडीतून उतरले. त्यांनी गाळणीवर बोट फिरवलं, हुंगलं.

"हळद?" ते ओरडले. "तूप? कोनं केलं हे?"

तेवढ्यात इंद्रभानला सगळं कळलं होतं.

"म्या केलं मालक," पाय म्हणाले. "खांदमळणी केली."

"तू? सात वर्सं कारखान्यात शिकलेला? उद्यापासून तू माह्या दारात—"

"खोटं बोलून राह्यले ते!"

बायकांचा घोळका दुभंगला. आवडा पुढे आली.

"म्या केलं, पाटील. ते मंगरूळले गेल्ते. म्या झाकन काढलं, म्या घातलं. इंजिनाचं तेल अस्संच दिसते. मले वाटलं... जो आपल्यासाठी राबते त्याले आवतन देतात ना? मंग हिले कोन देईन?"

हे सगळं तिनं पाटलांकडे बघत सांगितलं. पण ते कोणासाठी सांगितलं, हे मागच्या शेवटच्या जोडीच्या धन्यापर्यंत पोचलं. रंगरावांच्या हातातला कासरा सैल झाला.

पाटलांनी तोंड उघडलं. पण आधी कस्तुराबाई बोलल्या, गाडीतूनच, हातातलं ताट न हलवता.

"पोरगी बरोबर बोलते. जू ओढते त्याची खांदमळणी होते. अन् खांदमळणी झाल्यावर पोळ्याच्या दिवशी कोनी त्याले कामाले लावते काय? मागं शंभर जोड्या हाय. हाय काय एकाच्याबी मानेवर जू? मंग हिलेच काहून राबवून राह्यले तुमी? नाई चालत म्हनते ते. बरोबरच म्हनते."

ज्या यंत्राला पोळा कळतो त्याच्याकडे लोक नव्यानं बघू लागले. एका म्हाताऱ्यानं पुढे होऊन त्याच्या पत्र्याला हळद लावली. बैलांना जुंपायचं नव्हतं, म्हणून माणसांनी खांदे लावले. चाळीस-पन्नास माणसांनी मोटार लोटत, घोष करत तोरणाखालून पार नेली. पाटलांचा मान राहिला. फेटाही राहिला.

*

गोठ्यात अजून चांगलं ऊन होतं. चुलीवरच्या पाण्यात ठेवून नव्या तेलाचा डबा कोमट केला होता, कारण आतलं तूप थिजलं होतं आणि ते नुसतं सांगून निघणार नव्हतं. आधी एक डबा तेल आत धुण्यासाठी, मग दुसरा राहण्यासाठी. आवडा न विचारता मोटारीखाली शिरली होती. तांब्याची चकती तिच्या पदराच्या गाठीत होती.

धार पडत होती. काळ्यात पिवळे वळसे.

"घाबरली?" इंद्रभाननं विचारलं.

"हाव."

"तू हिले जेवाले बलावलं म्हनतात."

"हाव."

"अन् मले?"

बराच वेळ नुसती धार पडली.

"तुमाले..." आवडा म्हणाली, "तुमाले आवतन लागते काय?"

इंद्रभान पाना विसरला, बूच विसरला. घमेलं भरून वाहिलं तेही त्याला कळलं नाही.

तेवढ्यात बाहेर जोडे वाजले. पाटील आले, मागून रंगराव.

"इंद्रभान," पाटील जरा चोरट्या आवाजात म्हणाले, "तोरन तं पार झालं. काय मागाचं ते माग."

"नाई मालक. मोटारीनं नाई केलं पार. लोटली गेली. मले मागाचा हक नाई."

पाटील पुढे काही बोलणार, एवढ्यात रंगराव म्हणाले, "थांबा पाटील. माह्यं काम हाय."

ते मोटारीपाशी उकिडवे बसले. त्यांच्यासमोर पायांच्या दोन जोड्या होत्या. चारही पाय काळे. पोरीला त्यांनी पैंजणांवरून ओळखलं. आपली लेक त्यांना अशी पायांकडून पहिल्यांदाच दिसत होती. लहानपणी याच पायांत काटा मोडला की ती सारा मळा डोक्यावर घ्यायची. आता ते पाय एका लोखंडी जनावराखाली निवांत पसरले होते. रंगराव बघतच राहिले.

"काहून बंद केली रे तू?" त्यांनी दुसऱ्या जोडीला विचारलं. "चाळीस पावलं होती."

"आत तेल पोचत नव्हतं. जळली असती."

"तुही हाय काय ते?"

"नाई."

"नुकसान पाटलाचं झालं असतं. तुह्यं काय गेलं असतं?"

"काई नाई."

"मंग?"

मोटारीखालून आवाज जरा लाजल्यासारखा आला.

"तिले ओरडता येत नाई ना, बाबा."

बाहेर निंबाखाली रंगलेली शिंगं घेऊन बैल उभे होते. रंगरावांनी डोक्यावरचं मुंडासं काढलं, त्यानं तोंड पुसलं आणि पुन्हा डोक्यावर ठेवलं. उद्याची शिरपूरची सुपारी त्यांच्या कमरेला गाठीत होती. तिच्यावरून त्यांनी एकदा बोटं फिरवली. मग ते खाली वाकले, पार वाकले, कान असावा अशा बेतानं त्या भेगाळलेल्या टाचांपाशी.

"आज आवतन घ्या," ते म्हणाले, "उद्या जेवाले या."

मोटारीखालून बांगड्या तेवढ्या वाजल्या.

*

लग्न मार्गशीर्षात झालं. मधल्या काळात पाटलांची मोटार किती मैल फिरली आणि तेल किती वेळा बदललं, याचा मेळ बसत नाही. पण पाटलांनी विचारणं सोडून दिलं होतं.

मंगलाष्टकांआधी वराचे पाय धुवायचे असतात. रंगरावांनी तांब्या घेतला, पाणी ओतलं, पाय चोळले. पाय होते तसेच राहिले. शिकेकाई आणली. मग साबण आणला. वऱ्हाड माना उंचावून बघू लागलं. सात वर्षं कारखान्यातलं आणि एक वर्ष गोठ्यातलं तेल पाण्याला मोजत नव्हतं.

रंगरावांनी तांब्या बाजूला ठेवला.

"घासलेट आना," ते म्हणाले.

घासलेट आलं. रंगराव गाळणी धुवावी तसे भेगेभेगेतून, कुंचल्यानं, जावयाचे पाय धुऊ लागले. काळं हळूहळू सुटत गेलं, आणि खालून कोणी कधी न पाहिलेले, कोवळे, गव्हाळ पाय बाहेर आले. इंद्रभान स्वतःच त्यांच्याकडे परक्यासारखा बघत होता.

मग अंतरपाट धरला गेला. अंतरपाटाचा कायदा असा की चेहरा दिसू द्यायचा नाही. आवडानं मान खाली घातली, आणि कापडाच्या खालच्या काठाखालून तिला दिसले ते पायच. रंग नवा होता. बोटांचा लांबोडका घाट ओळखीचा होता.

बाकीचा होताच तिथे. मग दिसणार होता.